पिवळे तळहात

॥ श्री ॥
उमापूर,
रविवार, दि. २४ नोव्हेंबर २०२४

ती. वनमालामावशीस,
स्वप्नालीचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानांना फोन झेपत नाही म्हणून चोविसाव्या वर्षी मी पुन्हा शाळेतल्यासारखी ओळी आखून लिहायला बसले आहे. घरातले हसतात. मावशी लाल शाईनं चुका काढून पत्र परत पाठवतात का, असं यांनी परवा विचारलं. एकदा पाठवलं होतं, असं मी खरं खरं सांगून टाकलं. तेव्हापासून हे तुला जरा टरकून आहेत.

मला पाचवा लागला. उलट्या थांबल्या, भूकही लागते. पण एक नवंच लचांड उभं राहिलंय. दोन्ही गालांवर वांग उठलाय. चहाचा हात पुसावा तसे तपकिरी डाग. आरशात बघवत नाही. यांनी मोबाईलवर एक मलम शोधून काढलं होतं, पण सासूबाईंनी त्यांना असं काही फैलावर घेतलं की विचारू नकोस. पोटुशी बाईनं तोंडाला कायबी फासायचं न्हाई, जे हाय ते पोटातून दुरुस्त करायचं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा पोटातून दुरुस्त करायला काय खायचं ते तू लिही. वर्गात भाज्यांचे तक्ते लावून तू आम्हांला ते सगळं घोकून घ्यायचीस, आता मला त्याची गरज पडली.

दुसरं म्हणजे, पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात ओटी भरून न्यायची, ही आपल्याकडची रीत. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. ताईचं आणि माझं, आम्हां दोघी बहिणींचं माहेर म्हणजे दिंद्रुडचं तुझं घर आणि तू. कधी नेणार तेवढं कळव, म्हणजे इथं सांगता येईल. मला भीती वाटते गं मावशी. मोहिनीताईला जाऊन यंदाच्या आषाढात दहा वर्षं झाली. तीही सातव्यातच होती. दिवसा कामात आठवत नाही, पण हात रिकामे झाले की तिचाच चेहरा समोर येतो.

सासूबाई विमलबाईंचा तुला रामराम. पत्राची वाट बघते. माया आहे ती अशीच राहू दे.

तुझी,
स्वप्नाली


॥ श्री ॥
दिंद्रुड,
रविवार, दि. १ डिसेंबर २०२४

चि. सौ. स्वप्नालीस,
मावशीचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. चुका पाच आहेत, पण पोटुशी बाईला शिक्षा करायची नाही असं ठरवलंय. वाढत जातील तशा त्या मी मुकाट गिळीन.

वांगाची एवढी धास्ती घेऊ नकोस. पोटात बाळ असताना पुष्कळ जणींना येतो आणि बाळंतपणानंतर हळूहळू आपसूक फिका पडतो. भर उन्हात जाताना पदर नीट ओढून घेत जा. खाण्यानं तो डाग पुसला जाईल असं मी सांगणार नाही, पण कातडी निरोगी राहते ती खाण्यानंच. वांगं चिरून तसंच ठेवलं की काळं पडतं आणि लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकलं की बराच वेळ पांढरं राहतं, हे तू रोज बघतेस. हवेनं, उन्हानं, वयानं शरीरातही अशी झीज होत असते. तिला आवर घालणारे गुण रंगीत फळाभाज्यांत असतात. हल्ली त्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात. आपल्या आज्यांना तो शब्द ठाऊक नव्हता, पण ताटात तीन रंग नसले तर त्या वाढणारीला नावं ठेवायच्या.

तर ऐक. रोज एक आवळा, उकडून किंवा मीठ लावून. अर्धं डाळिंब. एक पेरू. शेवग्याचा पाला आठवड्यातून दोनदा, करडईची कोवळी भाजी मिळेल तेव्हा. तिळाची चटणी एक चमचा. हळद स्वयंपाकात पडते तेवढीच, मुद्दाम वर घेऊ नकोस. आणि गाजर. कातडीला आणि डोळ्यांना गाजरासारखं दुसरं काही नाही. त्याला मोजमाप नको, खाशील तेवढं खा.

पाणी मात्र उकळूनच पीत जा. बोअरचं असो, टाकीचं असो, कुणी कितीही हसो. उकळलेलं, झाकलेलं, दांड्याच्या भांड्यानं काढलेलं. यात कसूर केलीस तर माझ्याइतकं वाईट कोणी नाही.

बाकी ठीक. माझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या घालतं, म्हणून मी ते डब्यात ठेवलंय. विमलबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद. जिवाला जप, म्हणजे माझ्यावरची माया पोचली असं मी समजेन.

तुझी,
वनमालामावशी


॥ श्री ॥
उमापूर,
रविवार, दि. ५ जानेवारी २०२५

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र या घरात फर्मान म्हणून वाचलं गेलं. यांनी मोठ्यानं वाचलं, सासूबाईंनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे कामाला लागले. पहिल्यांदा सासूबाई म्हणाल्या की गाजरं म्हशीला घालत्यात, सुनेला न्हाई. पण मास्तरीणबाईंनी लिहिलंय म्हटल्यावर त्यांचा सूर बदलला. हे गेवराईच्या बाजारातून दर आठवड्याला गाजरांची गोणीच आणतात. मिक्सरही आणलाय. सकाळी मोठा पेलाभर रस काढून देतात आणि संपेपर्यंत समोरून हलत नाहीत. नवरा कौतुक करतोय तर मी कशाला नको म्हणू?

सासूबाईंना गाजराचं श्रेय सगळं तुलाच जातंय हे काही रुचलं नाही. त्यांनी डांगराचा, म्हणजे आपल्या लाल भोपळ्याचा, सपाटा लावलाय. डांगराची भाजी, डांगराचे घारगे, रात्री डांगराची खीर. त्यांच्या मते बाळाची कातडी तुकतुकीत व्हायला डांगरच पाहिजे, गाजर काय कालचं पोर. मी दोघांचंही मन मोडत नाही. आणि तुला म्हणून सांगते, दुपारी सगळे शेतात गेले की मी आणखी चार-पाच गाजरं किसून खाते. वांग लवकर जावा म्हणून. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं तू म्हणशीलच.

पण गुण आलाय गं. अंगावर तजेला आहे. शेजारच्या बाया म्हणतात, काय तेज आलंय पोरीला! बाळ लाथा मारतं. पाणी उकळूनच पिते, शपथ.

सव्वीस तारखेला, रविवारी डोहाळजेवण ठरलंय. त्यानंतर मला माहेरी धाडायचं, म्हणजे तू न्यायचं. मागच्या पत्रात मी विचारलं होतं, तू त्यावर चकार शब्द लिहिला नाहीस. विसरलीस असं म्हणवत नाही, तू काही विसरत नाहीस. बाया विचारतात की माहेरचं कुणी कावून येत न्हाई, नुसतीच पत्रं कावून येतात. सासूबाई माझी बाजू घेतात, पण त्यांच्याही मनात ते आहेच. तू ये. मला बरोबर घेऊन जा.

वाट बघतेय. तुझ्या मायेची भुकेली,
स्वप्नाली


॥ श्री ॥
दिंद्रुड,
रविवार, दि. १२ जानेवारी २०२५

चि. सौ. स्वप्नालीस,
अ. उ. आ.

तुझी तब्येत छान आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. सोबत संक्रांतीचे तीळ पाठवते आहे. भाजूनच खा.

न्यायचं म्हणतेस, तर घराला सध्या गिलावा चाललाय. सगळीकडे सिमेंटची धूळ आहे, ती बाळंतिणीला बरी नाही. माझा गुडघाही कुरकुरतो. इथली नर्सबाई बदलून गेली, नवी अजून रुळायची आहे. तुमच्याकडून गेवराईचा सरकारी दवाखाना जवळ, रस्ता चांगला, घरची गाडी दारात. आणि विमलबाईंसारखी माणसाला धरून असणारी सासू सगळ्यांना मिळत नाही. तेव्हा रीत बाजूला ठेव आणि तिथंच राहा. डोहाळजेवणाला मला जमेल असं वाटत नाही. हिरवं लुगडं पाठवते.

रागावू नकोस. रीतभात मला कळत नाही असं नाही. लोक नावं ठेवतील, ती मी ऐकून घेईन. तसंही मला ऐकू कमीच येतं.

रोज सकाळी डोळे आरशात बघत जा. का ते विचारू नकोस. उलटी झाली, जेवण नको वाटलं, अंग खाजलं तर त्याच दिवशी दवाखाना. दुसऱ्या दिवशीही नाही, त्याच दिवशी. आणि पाणी.

तुझ्या आठवणीत दिवस जातो, एवढं खरं मानून घे.

तुझी,
मावशी


उमापूर,
बुधवार, दि. २९ जानेवारी २०२५

ईहीणबाईंना उमापूरहून विमलबाईचा रामराम.

माझ्या हाताला अक्षर न्हाई, म्हणून मी सांगती आन् तुमचा जावई अमरसिंह लिहितो. मी बोलते तसंच लिही म्हणलंय त्याला, मधी तुझं शानपन घालू नगं म्हणलंय. टपालाला लई दिस लागतील म्हणून हे पत्र माजलगावला कापूस घिऊन जाणाऱ्या टेंपोवाल्याच्या हाती धाडते.

रविवारी डोहाळजेवन झालं. लई बाया आल्या. तुमची जागा मोकळी ठिवली हुती, ती मोकळीच राह्यली. त्याचं मी आत्ता काय बोलत न्हाई. कासारीन हिरवा चुडा भरायला बसली. पोरीचा हात दाबून बांगडी चढवता चढवता ती थांबली. तळहात उलथा केला, उजेडात धरला आन् माज्याकडं बघितलं. हात पिवळाजर्द. मी पाय बघितले तर तळवे बी तसेच, नाकाच्या कडा बी तशाच. बायांनी खाली बघितलं. गाणं हुतं ते बंद पडलं. मी त्या पोरीच्या हातचं रोज जेवते, मला कावून दिसलं न्हाई, ह्यानं माजं मन मला खातंय.

कावीळच हाय, आन् पोटातल्या लेकरासकट न्यायला आलीय, असं पोरीनं धरून घेतलंय. अमरसिंह दवाखाना म्हणतो. मी म्हणते दवाखान्यात काविळीला औषिद न्हाई, ते सारं जग सांगतं. आमच्याकडं मुंजाजीबुवा मुळी देतो. दुधात उगाळून, रविवारी दिस उगवायच्या आत, आन् तिथून पुढं पाच दिस. तवर तेल-तूप बंद. त्याला सांगावा दिलाय.

पन माज्या मनात एक शंका हाय. तुमची मोहिनी ह्याच दुखण्यानं गेलती ना? आमाला लग्नाच्या टायमाला कुणी नीट सांगितलं न्हाई, आन् आमी बी उकरलं न्हाई. तिला तवा काय दिलतं, काय न्हाई, कसं कसं झालतं, तेवढं रविवारच्या आत कळवा. पोर तुमची हाय तशी आता माजी बी हाय. लपवू नका.

तुमी यावं असं मला वाटतंय. लोभ तुमच्याकडून तुटू नये, आमच्याकडून तुटणार न्हाई.

विमलबाई
(लिहिणार अमरसिंह. मावशी, मी स्वतः लई घाबरलोय.)


दिंद्रुड,
शनिवार, दि. १ फेब्रुवारी २०२५, सकाळ

विमलबाईंस,
वनमालाचा नमस्कार.

जावईबापू, हे पत्र मोठ्यानं वाचा. स्वप्नालीला समोर बसवून वाचा. गेवराईच्या बसचा कंडक्टर माझा विद्यार्थी आहे, त्याच्या हाती देते आहे. शेजारच्या सूनबाईकडून काल तुम्हांला तीन वेळा फोन लावला. दोनदा लागला नाही आणि तिसऱ्यांदा कुणीतरी सांगितलं की काळजी करू नका, रविवारी औषध सुरू होणार आहे. तेच ऐकून हे पत्र लिहिते आहे.

मुळी देऊ नका. तुम्ही विचारलंत मोहिनीला काय दिलं, तर हीच मुळी दिली होती. मी दिली.

दहा वर्षांपूर्वी आषाढात ती सातव्यात माझ्याकडे आली. आठ दिवसांत जेवण सुटलं, उलट्या सुरू झाल्या, डोळे हळदीसारखे झाले. मी सातवीच्या वर्गाला विज्ञान शिकवणारी बाई. पाण्यातून येणारे रोग मी फळ्यावर लिहून देत होते. आणि घरात मात्र सगळे म्हणाले तसं मीही म्हणाले, की काविळीला मुळी हाच उपाय. माजलगावचा दवाखाना एवढा जवळ असून मी पाच दिवस तिला मुळी दिली. ठरलेले पाच दिवस मोडू नयेत म्हणतात, म्हणून मोडले नाहीत. पाचव्या दिवशी ती असंबद्ध बोलू लागली, तेव्हा गाडी केली. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून आहे? मी म्हणाले, कालपासून. मला लाज वाटली म्हणून मी खोटं बोलले. दुसऱ्या दिवशी ती गेली आणि बाळही गेलं.

मुळीनं तिला मारलं असं मी म्हणत नाही, मला ते माहीत नाही. पण ते पाच दिवस माझे होते आणि ते मी घालवले. हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही.

स्वप्नाली, गिलावा झूट आहे. गुडघाही झूट आहे. तुला इथं आणायची मला भीती वाटते. मी हात लावला की पोर जाते, असं मनात बसलंय. शिकलेल्या बाईला शोभत नाही, पण बसलंय. काल तुमचं पत्र वाचून मी निघाले होते. बसस्टँडवर गेले, बस लागली, पाय उचलेना. बस निघून गेली आणि मी घरी आले. माझ्यासारखी भ्याड तू दुसरी पाहिली नसशील.

विमलबाई, हात जोडते. आजच दवाखान्यात न्या, रविवारची वाट बघू नका. आणि डॉक्टरांना सगळं खरं सांगा. कधीपासून, काय काय खाल्लं, काय प्यायलं, काही म्हणजे काही लपवू नका.

वनमाला


॥ श्री ॥
उमापूर,
सोमवार, दि. ३ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाच, मग पुढचं. मला कावीळ नाही. बाळ बरं आहे. काही नाही, काही झालेलं नाही.

शनिवारी दुपारी तुझं पत्र पोचलं. यांनी वाचायला सुरुवात केली आणि मध्येच हे थांबले. सासूबाई म्हणाल्या, थांबू नगस, वाच. संपल्यावर त्या उठल्या, धडसं लुगडं नेसल्या आणि यांना म्हणाल्या की गाडी काढ, आन् त्या मुंजाजीला सांगावा धाड की येऊ नगं. अर्ध्या तासात आम्ही गेवराईच्या रस्त्याला होतो. रस्ताभर त्यांनी माझा हात सोडला नाही. घामानं दोघींचे हात ओले झाले होते. मी मनातल्या मनात बाळाची माफी मागत होते.

बाळंतिणींच्या वॉर्डात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तळहात बघितले, मग पापणी खाली ओढून डोळे बघितले. उलटी होते का, भूक लागते का, लघवीचा रंग कसा आहे, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, रोज काय काय खाता ते सांगा. तू खरं सांगायला लिहिलं होतंस, म्हणून सासूबाईंनी सुरुवात केली. डांगराची भाजी, घारगे, खीर, दोन वेळा. दोन महिने. मग हे घसा खाकरून म्हणाले की सकाळी एक पेला गाजराचा रस. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, केवढा पेला? यांनी हातानं दाखवला, तो लस्सीचा होता. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी रडत रडत सांगितलं की दुपारी लपून आणखी पाच. सासूबाईंनी कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, अगं म्हैस बी एवढी खात न्हाई!

डॉक्टरीणबाई हसल्या. तेवढ्या हसण्यानं माझ्या छातीवरचा धोंडा हलला. गाजर-डांगरातला रंग रक्तात फार झाला की कातडीत उतरतो, म्हणाल्या. तळहाताला, तळपायाला, नाकाच्या कडांना. कावीळ असती तर डोळ्यांतलं पांढरं पिवळं झालं असतं, माझं स्वच्छ पांढरं होतं. खायला सांगणाऱ्यानं चुकीचं सांगितलं नाही, पण अति तिथं माती. आता दोन्ही महिनाभर बंद, ताटात बाकीचे रंग राहू द्या, हळूहळू रंग उतरेल. तरी पोटात बाळ आहे म्हणून रक्त तपासायला घेतलं. रविवारी सकाळी रिपोर्ट आला, सगळं ठीक. ती पानं हातात घेऊन सासूबाई दवाखान्याच्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मुळीचा पहिला पेला मला त्याच सकाळी मिळणार होता.

आता पुढचं लिहिते. चुका मोजू नकोस.

तू लिहिलंस की ते पाच दिवस तुझे होते. तुझे एकटीचे नव्हते. तू मुळी उगाळून शाळेला जायचीस आणि पेला मी ताईच्या तोंडाला लावायचे. मी चौदा वर्षांची होते, तुला आठवत असेल. तिसऱ्या दिवशी ताईनं माझं मनगट धरलं. म्हणाली, मावशीला सांग, मला दवाखान्यात न्या. मी सांगितलं नाही. पाच दिवस मोडायचे नाहीत असं तू बजावलं होतंस, मला वाटलं तू ओरडशील. संध्याकाळी तू आलीस, ताई कशी आहे विचारलंस. मी म्हणाले, बरी आहे.

दहा वर्षं मला वाटत आलं की तुला हे कळलं तर तू माझं तोंड बघणार नाहीस. तू न्यायला येत नाहीस, तेव्हा वाटलं की तुला कळलंच आहे. तिकडे तू आणि इकडे मी, दोघी एकाच गोष्टीला भीत बसलो होतो.

मावशी, मला अजून भीती वाटते. बाळंतपणाची वाटते, त्या खोलीची वाटते. पण ताईचं नाव मी या घरात कुणापाशी काढणार? भ्यायचंच आहे तर तुझ्याजवळ बसून भिईन. सासूबाई म्हणतात, ईहीणबाई न्यायला आल्या तरच धाडीन, आपणहून नेऊन सोडनार न्हाई. मी वाट बघते.

तुझी, आणि कशीही असले तरी तुझीच,
स्वप्नाली


॥ श्री ॥
दिंद्रुड,
शनिवार, दि. ८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. स्वप्नालीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

कंडक्टरच्या हाती आलेलं तुझं पत्र चार दिवस उशाशी आहे. पहिल्या दिवशी फक्त पहिल्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. गाजराला मोजमाप नको असं लिहिणारी मी. तीस वर्षं मुलांना वजनं-मापं शिकवली आणि स्वतःच्या पोरीला सांगताना तेवढंच राहिलं. यापुढे प्रत्येक गोष्टीसमोर वाटी लिहीन.

तू सांगितलंस ते वाचून मी तुझ्यावर रागावले नाही. तू चौदा वर्षांची होतीस आणि तुला माझा धाक होता, तो मीच घातलेला. मी तुला खोटा दिलासा देणार नाही. तू तो निरोप सांगितला असतास, तर मी ऐकला असता का? चार दिवस स्वतःला विचारते आहे. त्या वेळची मी जशी होते, तशी बहुतेक म्हणाले असते की दोनच दिवस राहिलेत. म्हणून तो निरोप तुझ्या मनावरून उतरव. तो मला सांगायचा होता, तो मला पोचला. दहा वर्षं उशिरा पोचला, पण पोचला.

मोहिनीची खोली परवा उघडली. दहा वर्षांत पहिल्यांदा. जाळ्या काढल्या, फरशी तीनदा धुतली, खिडकी उघडून दिवसभर ऊन येऊ दिलं. मी तिथं दुपारी एकटीच बसले आणि मोठ्यानं रडले. स्वतःचं रडणंही मला नीट ऐकू येत नाही, त्यामुळे शेजारचे किती जमले ते मागाहून कळलं. माजलगावला जाऊन बाळंतपणाच्या दवाखान्यात तुझं नाव घातलंय. डॉक्टरांना मोहिनीचं सगळं सांगितलं, तारखांसकट. या वेळी खऱ्या तारखा. अडचणीला गाडी कुणाची, वाजवायचं दार कुठलं, तेही ठरवून ठेवलंय.

विमलबाईंना सांग, मी येत्या गुरुवारी तुला न्यायला येते. त्यांच्यासमोर कोणत्या तोंडानं उभी राहू ते मला कळत नाही, पण उभी राहीन.

भीती गेलेली नाही, पोरी. बसच्या दारापाशी पाय पुन्हा अडतील, हे मला ठाऊक आहे. म्हणून कंडक्टरला सांगून ठेवलंय की बाई मागं फिरायला लागल्या, तर मुळीच ऐकू नको, दंडाला धर आणि वर ओढून घे.

येतेच.

तुझी,
वनमालामावशी